जुन्या बिल्डिंगमधला संडासचा पाइप कशाचा आहे हे कसं ओळखायचं? आणि नवीन कमोड त्याला जोडायचा कसा?

मनीमाऊ_पर्वती
मंडळी, प्लंबिंगमधलं कळणारे कोणी असतील तर मदत करा, डोकं आउट झालंय. आमची बिल्डिंग पुण्यात, १९७४ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आम्ही पहिल्या मजल्यावर. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय म्हणून इंडियन पॅन काढून कमोड बसवायचं ठरवलं, दोन दिवसांचं काम म्हणून सुरू केलं आणि आज सहावा दिवस. पॅन काढल्यावर प्लंबर डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) उतरला आणि वर येऊन म्हणाला, ताई तुमचा मेन पाइप तीन जातीचा आहे. गच्चीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत काळा जाडजूड, आमच्या मजल्यासमोर राखाडी काहीतरी, तळाला परत काळा, आणि जमिनीत ड्रेनेजच्या चेंबरकडे जाणारा चकचकीत तपकिरी, लोणच्याच्या बरणीसारखा. वरून सगळ्यावर कधीतरी ऑइल पेंट मारलेला त्यामुळे रंगावरून पण धड कळत नाही. प्लंबर म्हणतोय "काही नाही हो, राखाडी पाइपला ग्राइंडर मारतो, पीव्हीसीचा टी (तीन तोंडांचा जोड) घुसवतो, फटीत सिमेंट भरतो, संध्याकाळपर्यंत मोकळं". मला का कोण जाणे हे पटत नाहीये. त्याला थांबवलंय. सध्या आई शेजारच्या काकूंकडे जातेय :(

पाना_नंबर_१२
फ्रिजवरचं मॅग्नेट घेऊन डक्टमध्ये जा. चिकटलं तर बीड (ओतीव लोखंड), नाही चिकटलं तर दुसरं काहीतरी. पेंटचे थर जाड असले तर पकड ढिली वाटते, थोडा कोपरा खरवडून बघा. दोन इंची वगैरे बारीक पाइपला चिकटलं तर तो जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) असू शकतो, त्याला आटे असतात, बिडाला आटे नसतात.

मनीमाऊ_पर्वती
काळ्याला टच्चकन चिकटलं. राखाडीला अजिबात नाही. म्हणजे राखाडी पीव्हीसी ना?

रेतीवाळू
चिकटलं नाही तर पीव्हीसीच. कानस मारून बघा, प्लास्टिकचा कीस निघाला की झालं कन्फर्म.

निवृत्त_ठेकेदार
थांबा थांबा, कानस बिनस काही मारू नका!! मनी, आधी बोटाच्या पेराने वाजवून बघ आणि आवाज सांग. पीव्हीसी पोकळ वाजतो, टपटप, रिकाम्या डब्यासारखा. बीड घंटेसारखं खणकतं, आणि खणकायचं सोडून फुटकं वाजलं तर समज कुठेतरी चीर गेलीय. आणि थप्प असा मेलेला आवाज आला, हाताला गार आणि खरबरीत लागलं, छपराच्या सिमेंटच्या पत्र्यासारखं दिसलं, तर तो एसी पाइप. एसी म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट. बीड महाग म्हणून एके काळी लोकांनी सर्रास लावले, मी स्वतः लावलेत. त्याला ग्राइंडर म्हणजे सगळी धूळ डक्टमधून चारी मजल्यांच्या खिडक्यांत.

मनीमाऊ_पर्वती
काका थप्प आवाज येतोय. आणि पेंट उडालाय तिथे हुबेहूब पत्र्यासारखं दिसतंय, बारीक तंतू पण. आता हात धुऊन आले.

निवृत्त_ठेकेदार
मग एसीच. घाबरू नको, नुसता उभा आहे तोवर तो काही करत नाही, तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात. कापला, घासला, ड्रिल मारलं की हवेत सुटतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात ते कायमचे. त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो म्हणून आमच्या लाइनमध्ये कोणी मनावर घेत नाही. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटवर सरसकट बंदी नाही त्यामुळे प्लंबरला वाटतं चालतंय. तुझ्या प्लंबरला सांग ग्राइंडर पिशवीत ठेव.

रेतीवाळू
सॉरी, कानसचं मागे घेतो. हे डोक्यातच आलं नाही.

लेस्टरवासी
इकडे इंग्लंडमध्ये १९९९ला अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली पण जुन्या घरांत अजून सापडतंच. आमचं घर १९३०च्या दशकातलं, भिंतीवर बिडाचा उभा पाइप आणि जमिनीखाली तुमच्यासारखाच बरणीछाप मातीचा. शेजारच्या १९६०च्या घरात तर पिच फायबर निघाला, म्हणजे लाकडाच्या लगद्याला डांबर पाजून केलेला पाइप, वरच्या मातीच्या वजनाने चपटा होऊन लंबगोल झालेला, बोटाने दाबला तर पापुद्रे सुटत होते. भारतात तो कधी बघितला नाही, सुदैवच म्हणायचं. इकडे जुन्या-नव्याचा जोड रबरी कपलरने करतात, दोन्ही टोकांना स्टीलचे पट्टे आवळायचे. सिमेंटने जोडलं तर इन्स्पेक्टर वेड्यात काढेल.

स्लो_लोकल
सिमेंटवरून आठवलं, आमची डोंबिवलीची कथा. २०१६मध्ये बिडाच्या सॉकेटमध्ये (पाइपाच्या रुंद तोंडात) पीव्हीसी घालून सिमेंट भरलं, वरून ते दोन गोळे मळून लावायचं सीलंट. पहिला उन्हाळा गेला आणि जॉइंटभोवती केसाएवढी गोल चीर. पावसाळ्यात खालच्यांच्या बाथरूमच्या भिंतीवर पिवळा नकाशा. परत सिमेंट, परत चीर. तीनदा केलं. खालच्या आजींनी दिवाळीचा फराळ पाठवणं बंद केलं तेव्हा जाग आली :D शेवटी रबर कपलर लावला, त्यानंतर टिपूस नाही.

गुणाकार
@स्लो_लोकल, ते होणारच होतं. एक मीटर पीव्हीसी दर अंशाला साधारण ०.०७ मिमी वाढतं, बीड ०.०११. म्हणजे तीन मीटर पाइप आणि सकाळ-दुपारमध्ये वीस अंशांचा फरक धरला तर पीव्हीसी चार मिमीच्या वर हलतं आणि बीड पाऊण मिमीसुद्धा नाही. मधे बसलेल्या सिमेंटने करायचं काय? ते ताणलं जात नाही, तडकतं. त्यात पीव्हीसी गुळगुळीत, सिमेंट त्याला धरतच नाही, नुसतं भोवती उभं असतं. आणि पीव्हीसीचं सोल्युशन फक्त पीव्हीसीला पीव्हीसी चिकटवतं, बिडावर फासून उपयोग शून्य, तरी लोक फासतात. त्यामुळे उघड्या डक्टमध्ये दोन जाती जिथे भेटतील तिथे रबर.

मनीताई, कपलर घ्यायला जाण्याआधी माप घ्या. "चार इंची" म्हणून मागू नका, चार इंच हे नावाचं माप. शिवणाची टेप पाइपाभोवती गुंडाळा आणि घेर ३.१४ने भागा. नवीन पीव्हीसी बाहेरून ११० मिमी असतो म्हणजे घेर साडेचौतीस सेंटीमीटर. तुमचं बीड किती भरतंय?

मनीमाऊ_पर्वती
आईची टेप नेली. बीड पेंटसकट पावणेपस्तीस. राखाडी जवळजवळ अडतीस.

गुणाकार
बीड म्हणजे ११०च, पेंट खरवडला की बसेल. एसीची भिंत जाड असते म्हणून आतून तेवढाच असूनही बाहेरून १२० झाला. त्याच्यावर ११०चा कपलर चढणार नाही, आणि तुमचा प्लंबर तो चढवायला एसी घासणार. नकोच ते.

निवृत्त_ठेकेदार
बरोब्बर. म्हणून माझं ऐक. कापायचंच असेल तर बीड काप, एसीला पातं लावू नको. एसीचा तुकडा एक मजल्याचाच असेल तर तो अख्खाच काढायचा. वरून येणाऱ्या बिडाला एसीच्या डोक्याच्या वितभर वर कट घ्यायचा, तेवढा बिडाचा तुकडा एसीच्या डोक्यात अडकलेला राहील, राहू दे, दोन्ही एकत्र उचलायचे. खालचा जॉइंट आधी पाण्याने भिजवून भिजवून छिन्नीने मोकळा करायचा. सारखं पाणी मारत राहायचं, धूळ दिसता कामा नये. साधा रुमाल किंवा सर्जिकल मास्क कामाचा नाही, पी१०० फिल्टरवाला लागतो. निघालेला पाइप फोडून पोत्यात भरायचा नाही, ओला असतानाच जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून टेप मारायची. आणि हे काम ज्याने आधी केलंय त्यालाच दे, दुसरा माणूस बघ हवं तर.

पण ह्या सगळ्याच्या आधी अजून एक काम, जे विसरून लोक जिवाशी खेळतात. बिडाचं वजन! चार इंची बीड मीटरला साधारण १२ किलो. तुझ्यावर दोन मजले आणि गच्चीवरची टोपी, आठेक मीटर धरलं तर शंभर किलोच्या आसपास माल पन्नास वर्षांपूर्वीच्या खिळ्यांवर आणि सॉकेटच्या कानांवर टेकलाय. खिळे गंजलेत की धरतात कोणाला माहीत. खालून कापलं आणि वरचा सरकला तर डक्टमधला माणूस संपला. आधी कटच्या वर नवीन क्लॅम्प भिंतीत ठोकून वजन घ्यायचं, मग कटर.

पाना_नंबर_१२
काका, बिडाला ग्राइंडर चालतो ना?

निवृत्त_ठेकेदार
चालतो, पण पाइपाची मागची बाजू भिंतीला लागून असते, तिथे पातं पोचत नाही. साखळीचा कटर मिळाला तर उत्तम, साखळी गुंडाळायची, आवळत जायचं, कट्ट करून तुटतं. मात्र कट घ्यायच्या आधी मागे हात घालून बघ. पेंटरचा ब्रश मागे जात नाही म्हणून बीड नेहमी मागूनच सडतं. समोरून नवरदेव आणि मागे बोट आत जातं अशी अवस्था असते. सडकं असेल तर कटर कचकन चुरा करेल, मग अजून वर सरकायचं, चांगलं बीड लागेपर्यंत.

आषाढी_आमटी
एक बाळबोध प्रश्न. बिडाच्या सॉकेटमध्ये जे चंदेरी दिसतं ते काय? आमच्या दादरच्या घरी आहे.

निवृत्त_ठेकेदार
शिसं. टाचणीने ओरखडा काढ, मऊ लागेल आणि चकाकेल. मी १९७८ला मामांच्या हाताखाली लागलो तेव्हा हेच काम. सॉकेटमध्ये वरचा पाइप बसवायचा, भोवतीच्या फटीत डांबरी सुतळी ठासायची, वर दीडेक इंच जागा सोडायची. स्टोव्हवर शिसं वितळवायचं, सव्वातीनशे अंशांच्या वर जातं ते, आणि पळीने एका दमात ओतायचं, मधे थांबलात की थर पडून गळणार. गार होताना शिसं आकसतं म्हणून मग छिन्नीने गोल गोल फिरून ठोकत बसायचं, कान बधिर होईस्तोवर. सॉकेटमध्ये पाण्याचा थेंब राहिला तर शिसं फुटाण्यासारखं उडायचं, माझ्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे. मामा म्हणायचे शिश्याला घाई आणि पाणी दोन्ही चालत नाही. तसा जॉइंट पन्नास वर्षं हूं का चूं करत नाही. आता कोणी करत नाही आणि करूही नये, धूर विषारी. आणि पीव्हीसीच्या जॉइंटला तर विचारच नको, पीव्हीसी ऐंशी अंशांतच मान टाकतं.

जुनं शिसं काढायचं असेल तर गॅसची बत्ती लावून वितळवू नका, मैल्याच्या पाइपात गॅस असतो. बारीक ड्रिलने शेजारी शेजारी भोकं पाडून उकरून काढा. आणि हात धुतल्याशिवाय चहा बिस्किट नाही.

आषाढी_आमटी
वा काका, तुमच्या आठवणींचा वेगळा धागा काढा.

गुणाकार
मनीताई, आणखी एक चेक कराच. १९७४ची बिल्डिंग म्हणजे बहुतेक दोन पाइपांची पद्धत असेल. संडासचा सॉइल पाइप वेगळा, थेट चेंबरमध्ये. नहाणी-बेसिनचा वेस्ट पाइप वेगळा, तो आधी खाली गली ट्रॅपमध्ये (वास अडवायला पाणी साठून राहतं त्या खड्ड्यात) पडतो. दोन्ही डक्टमध्ये शेजारीशेजारी आणि एकाच पेंटमध्ये. घाईत कमोड वेस्ट पाइपला जोडलेले मी बघितलेत, जवळ पडतो म्हणून. आठ दिवसांत गली ट्रॅप तुंबतो आणि मग तळमजल्याच्या मोरीत जे वर येतं त्याचं वर्णन जेवायच्या वेळेला नको. तेव्हा खालचं चेंबर उघडून वरून रंग घातलेली एक बादली ओता आणि कुठून येतंय ते बघा.

निवृत्त_ठेकेदार
+१. आणि चेंबरमध्ये डोकावायचं ते झाकण काढून थोडा वेळ मोकळं ठेवून. आत कोणाला उतरवायचं नाही, प्लंबरच्या पोऱ्याला तर मुळीच नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा २०१३चा कायदा आहेच पण कायद्याचं सोडा, तो गॅस दुसरा श्वास घेऊ देत नाही.

मनीमाऊ_पर्वती
आज हळदीचं पाणी ओतलं :) घरात खायचा रंग नव्हता. जाड पाइप थेट चेंबरला, बारीक तीन इंची गली ट्रॅपला. म्हणजे आमचा प्लंबर निदान बरोबर पाइपकडे बघत होता. तो बरणीछाप तपकिरी पाइप पण बदलायचा का?

गुणाकार
तो स्टोनवेअर. भट्टीत मीठ टाकून ती चकाकी आणतात म्हणून बरणीसारखा दिसतो, तुमची उपमा अगदी बरोबर आहे. पाइप स्वतः कधी मरत नाही, त्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे असतात आणि प्रत्येक जोड सिमेंटचा, तिथून झाडाची मुळं शिरतात. हळदीचं पाणी किती वेळात आलं?

मनीमाऊ_पर्वती
ओतलं आणि खालून भावाने लगेच ओरडून सांगितलं आलं आलं. सगळं पाणी आलं असं वाटतंय.

निवृत्त_ठेकेदार
मग त्याला हात लावू नको. चालत्या म्हशीला काठी कशाला.

सागरकिनारी_सासर
रत्नागिरीकडे खाऱ्या हवेने बिडाची वाट लागते, आमचा बाहेरचा पाइप पंधरा वर्षांत पापड झाला. खाली स्टोनवेअरला पीव्हीसी जोडला तेव्हा गवंड्याने पीव्हीसीच्या टोकाला सोल्युशन फासलं, ओलं असतानाच वरून कोरडी रेती भुरभुरली आणि वाळू दिलं. टोक खरबरीत पॉलिशपेपरसारखं झालं, मग सिमेंट. म्हणाला आता धरेल. हे बरोबर का?

गुणाकार
जमिनीखाली एकदम बरोबर, तिथे ऊन-थंडी नाही त्यामुळे पाइप फारसा हलत नाही. सिमेंट सगळीकडे वाईट असं नाही, जागा बघून. फक्त ढाळ तपासा, चार इंचीला चाळीसात एक, म्हणजे मीटरला अडीच सेंटीमीटर.

मनीमाऊ_पर्वती
अपडेट. सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले तुमचा संडास तुमचा खर्च. मी मॉडेल उपविधी काढून दाखवले, सामायिक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. उभ्या पाइपचा खर्च सोसायटी, आडवा तुकडा आणि कमोड आम्ही, असं ठरलं. प्लंबर बदलला, नवीन माणूस पन्नाशीचा आहे, त्याने डक्टमध्ये उतरल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर पाइप वाजवून बघितला. मी म्हटलं हाच.

गुणाकार
पीव्हीसी घेताना पाइपवरचं छापील वाचा. एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी, पावसाचं पाणी यांचा पाइप) टाइप बी हवा, टाइप ए पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपला असतो. ११०मध्ये ए ची भिंत २.२ मिमी आणि बी ची ३.२. दुकानदार विचारल्याशिवाय स्वस्तातला ए देतो. आणि कमोडच्या जोडाला सरळ टी नको, वाय (तिरप्या फांदीचा जोड) घ्या, झाकणवाला, पुढे तुंबला तर उघडता येतो.

मनीमाऊ_पर्वती
झालं!!! सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी इतकी मदत केलीत.

सकाळी नऊला वरच्या दोन्ही मजल्यांना सांगितलं, दारावर चिठ्ठ्या लावल्या, नऊ ते दोन फ्लश नाही. आधी क्लॅम्प. मग डक्टच्या सगळ्या मजल्यांच्या खिडक्या बंद. काकांनी सांगितलं होतं तसं बिडाच्या मागे हात घातला तर खरंच वितभर भाग सडका, त्यामुळे कट अजून फूटभर वर गेला. साखळीच्या कटरने एकदाच कट्ट आवाज आला आणि सगळे गप्प. वरचा पाइप हलला नाही. आत बघितलं तर चार इंची पाइपात गंजाचे थर चढून जेमतेम तीन इंच भोक उरलेलं, आईने बघितलं आणि म्हणाली माझ्या गुडघ्यात डॉक्टरांनी दाखवलं तसंच दिसतंय.

एसीचा खालचा जॉइंट सोडवायला दीड तास लागला, एकजण नुसता पाणी मारत होता. अख्खा निघाला, न तुटता. आणि तो खाली उतरवत असतानाच तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी फ्लश केला. चिठ्ठी वाचली होती म्हणे, पण सवयीने हात गेला. प्लंबर पाऊलभर बाजूला होता म्हणून वाचला, मग पाच मिनिटं त्याने जे मराठी वापरलं ते इथे लिहिता येणार नाही.

खाली बिडाचं सॉकेट कापून सरळ टोक केलं, वर पण सरळ टोक, दोन्हीकडे रबर कपलर, पट्टे आवळले. मधला पीव्हीसी रबरी रिंगवाला, तो पूर्ण आत ढकलून पेन्सिलने खूण केली आणि परत सेंटीमीटरभर मागे ओढला. का विचारलं तर म्हणाला "उन्हाळ्यात त्याला अंग पसरायला जागा नको का". गुणाकार, तुमची आठवण आली. आणि कमोडच्या वाय चा जोड पण रिंगचाच.

स्लो_लोकल
अभिनंदन! आता एक पावसाळा जाऊ द्या आणि खालच्यांची भिंत बघा.

निवृत्त_ठेकेदार
छान झालं. पंधरा दिवसांनी पट्ट्यांचे स्क्रू एकदा परत आवळून घे. रबर सुरुवातीला थोडं बसतं. आईला नमस्कार सांग.

मनीमाऊ_पर्वती
(चार महिन्यांनी) धागा वर काढतेय. पावसाळा गेला, खालच्यांची भिंत कोरडी, मी स्वतः जाऊन हात लावून आले. आई काठी घेऊन एकटी जाते येते. स्क्रू आवळले होते काका, प्रत्येकी अर्धा फेरा बसला.

पाना_नंबर_१२
मस्त. निघालेल्या बिडाचं काय केलंत? भंगारवाला चांगले पैसे देतो.

मनीमाऊ_पर्वती
त्यावरूनच सध्या मीटिंग चालू आहे :D सोसायटीचा पाइप म्हणून पैसे सोसायटीचे असं सेक्रेटरी म्हणतात, आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात १९७४ला वर्गणी आम्ही काढली होती. एसीचा पाइप मात्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून लेबल लावून गच्चीच्या खोलीत ठेवलाय, त्याच्यावर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही.